स्वादुपिंडाचा दाह आणि सी. टी. ची वेळ

कोल्हापुरांत पोटदुखीला पहिलें नांव मिळतें तें पित्ताचें. तांबड्या-पांढऱ्या रश्शाचें जेवण झालें आणि मध्यरात्रीं बेंबीच्या वरच्या अंगास कळ उठली, कीं घरांतील वडील मंडळी सोडा नाहींतर थंड दूध पुढें करतात. बहुतेक वेळां तेवढ्यानें भागतेंहि. परंतु कळ पाठीपर्यंत आरपार जाऊं लागली, उलट्या थांबेनात, उताणें निजवेना आणि पुढें वांकून बसल्यावरच किंचित् आराम वाटूं लागला, तर उजाडण्याची वाट पाहूं नये. अशा वेळीं दोष जठराचा नसून त्याच्या पाठीमागें आडव्या पसरलेल्या स्वादुपिंडाचा असूं शकतो.

अन्न पचविणारे रस हें पिंड तयार करतें. ते आंतड्यांत पोहोंचल्यावरच जागृत व्हावयाचे असतात. पित्ताशयांतील खडा घसरून वाटेंत अडकला, अथवा दारूनें पिंडास इजा झाली, म्हणजे ते आंतच जागृत होतात आणि पिंड स्वतःलाच पचवूं लागतें. हाच तीव्र स्वादुपिंडदाह. बहुतेक रोगी थोड्या दिवसांत बरे होतात. परंतु सुमारें पांचांत एकाचा रोग बळावतो, आणि कांहींच्या पिंडाचा भाग मरून जातो.

साध्या एक्स-रे चित्रांत हें पिंड दिसत नाहीं. १९७१ सालीं लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत हौन्सफील्ड यांच्या यंत्रानें प्रथम एका रोग्याच्या मेंदूचें चित्र घेतलें. आज त्याच तत्त्वावर पोटाच्या, काकडीच्या चकत्यांसारख्या, पातळ प्रतिमा मिळतात. शिरेंतून आयोडीनयुक्त द्रव्य सोडलें कीं जिवंत भाग रक्ताबरोबर उजळतो, मेलेला भाग काळवंडलेलाच राहतो. दाह किती व मृत भाग किती यांवरून शून्य ते दहा गुण देण्याची बाल्थाझार यांची पद्धत १९९० पासून रूढ आहे.

तेव्हां पहिल्याच रात्रीं स्कॅन करा, असा आग्रह नातेवाईक धरतात. मला तो अनाठायीं वाटतो. २०१२ सालीं सुधारलेल्या अटलांटा संकेतांप्रमाणें विशिष्ट कळ, रक्तांतील ॲमिलेज वा लायपेज सामान्य कमाल मर्यादेच्या तिपटीहून अधिक, आणि प्रतिमेंतील खुणा, या तिहींपैकीं दोन पुरतात. पहिल्या दोन जुळल्या तर निदान झालेंच. मग सलाईन व वेदनाशामक औषध यांना विलंब कशाला? शिवाय मृत भाग स्पष्ट दिसण्यास तीन-चार दिवस लागतात. पहिल्या रात्रींचा स्कॅन सौम्य दिसला म्हणून निर्धास्त झालेलें घर चौथ्या दिवशीं हादरतें, तें यामुळेंच. निदानच संशयित असेल, जठराचा व्रण फुटल्याची शंका असेल, तर मात्र स्कॅन तात्काळ हवा.

आतां दुसरी बाजू. जुन्या मंडळींच्या तोंडीं अजून ‘थोरला दवाखाना’ असलेल्या आपल्या छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयांत शहराबाहेरूनहि रोगी येतात. राधानगरी वा गगनबावड्याकडील माणूस घरगुती उपाय, मग गांवचा दवाखाना, असें करीत तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पोहोंचला, तर तोंवर ॲमिलेज उतरलेलें असूं शकतें. लायपेज जरा अधिक टिकतें. रक्त निर्दोष भासतें व रोग आंत धुमसत असतो. येथें सी. टी. खरोखर उपयोगी पडतो. दिवस मोजावयाचे ते कळ उठल्यापासून, खाटेवर आल्यापासून नव्हेत. म्हणून ती वेळ डॉक्टरांना अचूक सांगावी. मूत्रपिंडाचा विकार, आयोडीनयुक्त द्रव्याची पूर्वीं आलेली रिॲक्शन किंवा गरोदरपण असल्यास तेंहि आधींच सांगावें.

खड्यांचा शोध सोनोग्राफी बहुधा अधिक चांगला घेते. कित्येक खडे सी. टी. त दिसतच नाहींत. सी. टी. झाला तरी सोनोग्राफी राहिली असेल, तर घरीं जाण्यापूर्वीं ती करून घ्यावी. खडा तसाच राहिल्यास तीच कळ पुन्हा उठूं शकते.