हवा सोडा, टायर सुटू देऊ नका!

खडकात, वाळूत, चिखलात गाडी घालणारी मंडळी पक्का रस्ता सोडला की आधी एक काम करतात: टायरमधली हवा कमी करतात. हवा उतरली की पकड वाढते, पण टायर रिमवरून निखळायचा धोकाही वाढतो. त्यावरचा भक्कम तोडगा म्हणजे बीडलॉक चाक. त्याच्या या काही गमती.

टायरला धरून ठेवते ती हवाच!
टायरच्या आतल्या काठात पोलादी तारांचं कडं असतं, तेच बीड. साध्या ट्यूबलेस चाकात हवेचा दाब त्याला रिमच्या काठाशी घट्ट बसवतो. तीस-पस्तीस पौंड हवा असेल तर काळजी नसते. ती पंधराच्या खाली नेली आणि चाक तिरप्या खडकात अडकलं, तर बीड सरकतं, हवा फस्सकन निघून जाते आणि गाडी जागीच बसते.

बोल्टांचा शिकंजा
बीडलॉकमध्ये बाहेरच्या बाजूचं बीड रिम आणि एक धातूचं कडं यांच्या मधे धरून बोल्टांनी आवळतात. आता टायर पकडून ठेवायला हवेवर भिस्त नाही! खडक चढणाऱ्या खास गाड्या त्यामुळे चार-पाच पौंडांवरही चालतात.

ठसा लांबतो
हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, पण रुंदीपेक्षा लांबीत जास्त. भार मोठ्या जागेवर वाटला जातो, म्हणून चाक वाळूत कमी रुततं. अणकुचीदार दगडावरून घसरण्याऐवजी मऊ टायर त्याला पोटात घेतो.

युद्धातली विद्या
दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक लष्करी जीपना दोन भाग बोल्टांनी जोडलेल्या रिम होत्या. हवा गेली तरी टायर जागेवर राहावा आणि गाडी माऱ्यातून बाहेर पडावी, हा हेतू. पुढे अमेरिकी लष्कराच्या हमव्हीतही दोन भागांचीच रिम आली.

४ चाकं, १२८ बोल्ट
एका कड्याला ३२ बोल्ट असले तर चार चाकांचे होतात १२८. ते एका दमात आवळायचे नसतात. समोरासमोरचे बोल्ट घेत, थोडं थोडं करत, टॉर्क रेंचने तीन-चार फेऱ्या मारायच्या. नाहीतर कडं वाकडं बसतं. थोडं अंतर चालल्यावर पुन्हा तपासायचे. बोल्ट ढिले करण्याआधी मात्र हवा पूर्ण काढायचीच. भरल्या टायरवरचं कडं उडालं तर जिवावर बेतेल.

बाहेरून दिसतच नाही
काही बीडलॉक टायरच्या आत लपलेले असतात. रिमभोवती मजबूत आवरणातली छोटी ट्यूब बसवून तिच्यात वेगळ्या व्हॉल्व्हने भरपूर हवा भरतात. ती दोन्ही बाजूंची बीड आतून दाबून धरते. टायर मऊ, ट्यूब टणक!

सरळ रस्त्यावरही गरज
ड्रॅग रेसमध्ये ना खडक, ना चिखल. पण सुटतानाचा जोर इतका जबरदस्त, की टायर जागेवर राहून रिम आतल्या आत फिरू शकते. म्हणून तिथंही बीडलॉक लागतात.

दिखाऊ बोल्टांपासून सावध
बाजारात नुसत्या शोभेच्या बोल्टांची चाकंही मिळतात. फोर्ड ब्रॉन्कोच्या काही मॉडेल्सवर कंपनीकडूनच ‘बीडलॉकसाठी तयार’ चाकं येतात. टायर आवळणारं खरं कडं वेगळं बसवावं लागतं. तेव्हा हवा दहा पौंडांच्या खाली नेण्याआधी आपल्या चाकात बीड खरंच आवळलंय का, याची खात्री करा.

आपल्याकडे
२०१४ पासून गोव्यात ऐन पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज इंडिया’ ही गाड्यांची स्पर्धा भरू लागली आणि चिखलातल्या या खेळाला देशात मोठं व्यासपीठ मिळालं. एरवी रस्त्यावरच्या गाडीत फेरबदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा.

शेवटचा सल्ला
डांबरी रस्ता लागला की हवा भरा. कमी हवेवर वेगात पळवलेला टायर तापतो आणि फाटतो. अठरा-वीस पौंडांवर तुमचं भागत असेल, तर साधं चाक आणि चांगला कंप्रेसर पुरे. खडकच चढायचे असतील तर बीडलॉक जरूर घ्या, पण त्याच्याबरोबर टॉर्क रेंचही घ्या आणि दर सफरीआधी ती वापरा.