फुफ्फुसातील गाठ: प्रतिमेची आणि रक्ताची साक्ष
सीटी स्कॅनमध्ये आढळणारा 3 सेंटिमीटरपर्यंतचा गोलसर ठिपका, म्हणजे नोड्यूल, बहुधा निरुपद्रवी असतो. मात्र तो 8 मिलिमीटरहून मोठा व काटेरी कडांचा असल्यास कर्करोगाचा संशय बळावतो. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी अणू जोडलेली साखर टोचून ती कोठे अधिक शोषली जाते हे पाहतात. परंतु क्षयाची गाठही ती साखर कर्करोगाच्या गाठीइतक्याच हावरेपणाने घेत असल्याने भारतात या स्कॅनवर एकट्याने विसंबणे धोक्याचे आहे. अमेरिकेतील एक रक्तचाचणी दोन प्रथिनांचे प्रमाण वय, धूम्रपान व गाठीचे स्वरूप यांच्याशी जोडून पाहते; तिचा उपयोग अनावश्यक बायॉप्सी टाळण्यापुरताच, कर्करोग सिद्ध करण्यासाठी नव्हे. दोन वर्षे न वाढलेली घन गाठ सहसा निर्धोक मानली जात असल्याने रुग्णांनी जुन्या फिल्म जपून ठेवाव्यात.