गांडूळ, देवगांडूळ आणि वाळा : प्राण्यांचं नातं कसं ओळखायचं?

प्राण्यांचं वर्गीकरण म्हटलं की शाळेतली यादी आठवते : संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. ही यादी आज जरा बाजूला ठेवू आणि तीन प्राणी घेऊ. पावसाळ्यात सह्याद्रीच्या परिसरात माती उकरली तर हे तिन्ही सापडू शकतात. पहिलं आपलं नेहमीचं गांडूळ. दुसरं देवगांडूळ. आणि तिसरा वाळा, ज्याला आंधळा साप असंही म्हणतात. तिघंही लांबट, बिनपायांचे, मातीत राहणारे. आता सांगा, यांत जवळचे नातेवाईक कोण?

नुसतं रूप पाहिलं तर फसायला होतं. आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या कार्ल लिनियसनं 1758 साली देवगांडुळांना चक्क सापांच्या गटात बसवलं होतं. पुढे 1859 मध्ये डार्विनचं ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ आलं. त्या पुस्तकात आकृती एकच आहे, फांद्या फुटत जाणाऱ्या वंशवृक्षासारखी. तिथून प्रश्नच बदलला. ‘कोण कोणासारखं दिसतं?’ याऐवजी ‘कोणाचा पूर्वज सामाईक?’ असं विचारलं जाऊ लागलं.

मग हे ओळखायचं कसं? एकेक लक्षण तपासायचं.

पहिला प्रश्न : पाठीचा कणा आहे का? गांडुळाला नाही. त्याला हाडं नाहीत, जबडा नाही, आणि त्याची मुख्य चेतारज्जू पोटाच्या बाजूनं जाते. देवगांडूळ आणि वाळा या दोघांना कणा आहे, कवटी आहे, जबडा आहे. म्हणजे गांडूळ इथंच वेगळं पडलं. त्याची भावकी जळवांशी.

दुसरा प्रश्न : त्वचा कशी आहे? देवगांडुळाची कातडी बेडकासारखी ओलसर. डोळा आणि नाकपुडी यांच्या दरम्यान त्याला एक छोटी स्पर्शिका असते, ती इतर कुठल्याही कणा असलेल्या प्राण्यात नाही. ते उभयचर आहे, बेडकाचा भाऊबंद. वाळ्याच्या अंगावर मात्र गुळगुळीत, चकचकीत खवले. तो सरपटणारा प्राणी.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा : गर्भ कशात वाढतो? साप, कोंबडी आणि माणूस या तिघांच्याही गर्भाभोवती पाण्यानं भरलेली एक पिशवी असते. आपण त्या पाण्याला गर्भजल म्हणतो. बेडकाच्या किंवा देवगांडुळाच्या अंड्यात ही पिशवी नसते. इतकी गुंतागुंतीची रचना तिघांकडे सारखी, कारण ती एकाच पूर्वजाकडून आली. याचा अर्थ काय? वाळा हा देवगांडुळापेक्षा तुम्हा-आम्हाला जवळचा आहे! ऐकायला विचित्र वाटतं, पण नातं पूर्वजावरून ठरतं, रूपावरून नाही.

मग पायांचं काय? पाय नसणं हे दोघांमध्ये सारखं आहेच ना? हो, पण ते दोघांनी वेगवेगळं गमावलंय. अमेरिकेतल्या ॲरिझोनात ज्युरासिक काळातलं एक जीवाश्म सापडलं, इओसिसिलिया. तो देवगांडुळांच्या वंशातला प्राणी, आणि त्याला छोटे पाय होते. इकडे अजगराच्या अंगात मागच्या पायांचे अवशेष आजही दिसतात. मातीत किंवा अडचणीच्या जागेत सरकताना पाय आडवे येतात. म्हणून सारख्या राहणीतून सारखं रूप घडलं. नवशिक्यानं हाच फरक पक्का करावा : हे लक्षण वारशानं आलंय, की राहणीमुळे? आणि एकाच लक्षणावर कधी निकाल द्यायचा नाही, चार-पाच लक्षणं एकाच दिशेला बोट दाखवतात का ते पाहायचं. आता त्याच्या जोडीला डीएनएचा पुरावाही असतो.

हे सगळं पुस्तकी वाटेल, पण तसं नाही. ‘सापाचं पिल्लू’ म्हणून देवगांडूळ ठेचलं जातं. ते साप नाहीच. वाळा बिनविषारी, मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-अळ्या खाणारा. मारण्याआधी जरा वाकून पाहिलं, खवले आहेत की ओली कातडी, तर ओळखही पटेल आणि जीवही वाचेल. हातात मात्र घेऊ नका. ओळख पक्की नसेल तर लांबूनच पाहा.

जाता जाता एक गृहपाठ. पाल, मगर आणि कोंबडी. यांतले जवळचे दोन कोण? मगरीचे खवले पाहून घाई करू नका.