पुस्तक थेट ब्राउझरमध्ये उघडावं
अंधेरी-बोरिवली लोकलमध्ये एका हाताने कडी धरून मोबाइलवर पीडीएफ वाचणं जिकिरीचं. पान कागदाच्या मापाचं. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटातलं पुस्तक असेल, तर त्यात मराठी शब्दही शोधता येत नाही. याउलट ईपब या ई-पुस्तकाच्या प्रकारात मजकूर पडद्याच्या मापाने मांडला जातो. मुळात ईपब म्हणजे झिप केलेली वेबपानंच: एक्सएचटीएमएल, सीएसएस, चित्रं आणि प्रकरणांचा क्रम सांगणारी फाइल. तरी क्रोम ब्राउझर ईपब थेट उघडत नाही! ईपबची मानकं ठरवणारी संस्था २०१७ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीत विलीन झाली, पण ही अडचण कायम आहे. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयातली पुस्तकं मात्र ब्राउझरमध्येच वाचता येतात, हवी तर ईपब म्हणून उतरवूनही घेता येतात. आपल्या प्रकाशकांनी हीच वाट धरावी. प्रत्येक परिच्छेदाला स्वतंत्र दुवा दिला, तर मुलुंडच्या वाचकाला नेमका उतारा घाटकोपरच्या मैत्रिणीला धाडता येईल.