स्नेहपुटिका आणि पेशीपटल : ‘लायपोसोमल’ या शब्दामागील भौतिकी

मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात उग्र रूप धारण केले आणि ‘लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी’ हे तोपर्यंत मोठ्या रुग्णालयांपुरते मर्यादित असलेले नाव घरोघरी पोहोचले. केंद्र शासनाने त्या वेळी या औषधाच्या ज्या मोजक्या देशी उत्पादकांची नावे जाहीर केली, त्यांत भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स ही कंपनी होती. तिचा कारखाना आपल्याच अंबरनाथ पूर्वेच्या अतिरिक्त औद्योगिक वसाहतीत आहे.

आज तोच ‘लायपोसोमल’ शब्द करक्युमिन, व्हिटॅमिन-सी, ग्लुटाथायोन अशा अनेक उत्पादनांच्या वेष्टनांवर झळकू लागला आहे. ‘औषध थेट पेशीत पोहोचते’ असा दावाही त्यासोबत केला जातो. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील वैद्यांना आणि औषधविक्रेत्यांना या दाव्याविषयी रुग्ण प्रश्न विचारणारच. म्हणून त्यामागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

पुटिका म्हणजे काय?

फॉस्फोलिपिडच्या प्रत्येक रेणूस एक जलस्नेही शीर्ष व दोन जलविरोधी पुच्छे असतात. असे रेणू पाण्यात आले की पुच्छे आत व शीर्षे बाहेर ठेवून दुहेरी थर रचतात आणि तो थर स्वतःवरच वळून पोकळ गोलक तयार होतो. हीच पुटिका अर्थात लायपोसोम. केंब्रिजजवळील बाब्राहम येथील संस्थेत अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी तिचे स्वरूप उलगडले. आपल्या पेशींचे पटलही अशाच दुहेरी थराचे असून त्याची जाडी साधारण ४ ते ५ नॅनोमीटर असते. दोन्हींची घडण सारखी असल्यामुळे पुटिका पेशीपटलास टेकताच त्यात मिसळून जात असेल, असा समज सहज होतो.

संमीलन इतके सोपे का नाही?

दोन्ही पृष्ठभागांवरील जलस्नेही शीर्षांनी पाण्याचा थर घट्ट धरून ठेवलेला असतो. दोन पटलांतील अंतर १ ते २ नॅनोमीटरवर आले की हा थर बाजूस सारणे अत्यंत कठीण होते आणि प्रतिकर्षण झपाट्याने वाढते. ते ओलांडले तरी पुढे तीन पायऱ्या असतात. प्रथम समोरासमोरचे बाह्य थर एका अरुंद देठाने जोडले जातात, नंतर ते परस्परांत मिसळतात आणि शेवटी आतील थर फुटून छिद्र पडते. यांतील प्रत्येक पायरीवर पटलास अवघड वळण घ्यावे लागते व त्यासाठी ऊर्जा खर्च होते. शरीराच्या तापमानास रेणूंत जी सहज हालचाल असते, तिच्या ऊर्जेच्या कित्येक पट ही ऊर्जा असल्याने संमीलन आपोआप क्वचितच घडते.

म्हणूनच निसर्गाने त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा योजली आहे. चेतातंतूच्या टोकाशी ‘स्नेअर’ नावाची प्रथिने दोरीच्या पिळाप्रमाणे एकमेकांत गुंतून पुटिकेस पटलाकडे ओढतात. बोट्युलिनम विष हीच प्रथिने तोडते. त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलिन बाहेर पडत नाही व स्नायू लुळे पडतात. पुटिकांच्या या वाहतुकीचा उलगडा केल्याबद्दल रॉथमन, शेकमन व स्यूडॉफ यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अँफोटेरिसिनचा धडा

अँफोटेरिसिन बुरशीच्या पटलातील अर्गोस्टेरॉलला बांधले जाते. मानवी पटलात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते. औषधाचा ओढा अर्गोस्टेरॉलकडे अधिक असला तरी कोलेस्टेरॉल सर्वस्वी सुटत नाही आणि वृक्कास इजा होते. जुन्या प्रकारात हे औषध डिऑक्सिकोलेट या पित्तलवणाच्या साहाय्याने विरघळवलेले असते. नव्या प्रकारात ते १०० नॅनोमीटरहून लहान पुटिकेच्या भित्तीतच बसविलेले असते. या पुटिकेसाठी निवडलेले मुख्य फॉस्फोलिपिड ५० अंशांहून अधिक तापमानासच मऊ होते. त्याच्या जोडीला कोलेस्टेरॉल असल्याने देहोष्म्यास ही पुटिका टणक राहते आणि आपल्या पेशींशी मिसळत नाही. बुरशीशी गाठ पडली की औषध अर्गोस्टेरॉलकडे सरकते. मानवी पेशींशी संमीलन न होणे हेच या औषधाचे बलस्थान होय.

या क्षेत्रात मुंबईचेही योगदान आहे. केईएम रुग्णालयातील औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर व दिल्ली विद्यापीठातील डॉ. बिमल बच्छावत यांच्या प्रयत्नांतून देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन साकारले आणि काळा आजार व बुरशीजन्य रोगांच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या.

औषधविक्रेत्यांनी येथे एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. म्युकरमध्ये लायपोसोमल प्रकाराची मात्रा दररोज प्रतिकिलो ५ मिलिग्रॅम वा त्याहून अधिक असते, तर जुन्या प्रकाराची १.५ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. एकाच्या जागी दुसरा प्रकार त्याच मात्रेत दिला गेल्यास हृदयक्रिया बंद पडू शकते. नाव एक असले तरी पुटिका आहे की नाही, यावर रुग्णाचा प्राण अवलंबून असतो.

मुखावाटे घेतल्यास काय होते?

वरील औषध शिरेवाटे दिले जाते. मुखावाटे घेतलेल्या पुटिकेस जठराम्ल, पित्तलवणे व अग्न्याशयाचे पाचक रस यांना तोंड द्यावे लागते. पित्तलवणे स्नेहास विरघळवण्यासाठीच असतात. त्यामुळे साध्या लेसिथिनच्या पुटिका बहुधा आतड्यातच विखुरतात. तरीही उपयोग शून्य ठरत नाही. पित्ताशी मिसळलेल्या फॉस्फोलिपिडच्या सूक्ष्म कणांतून करक्युमिनसारख्या स्नेहविद्राव्य द्रव्याचे शोषण सुधारू शकते. मात्र ‘शोषण सुधारले’ आणि ‘पेशीत थेट शिरले’ ही दोन विधाने सर्वथा भिन्न आहेत.

घृताविषयी संयम हवा

घृत संस्कारित द्रव्याचे गुण धारण करते, हा चरकसंहितेतील विचार आपणा सर्वांस परिचित आहे. त्यावरून ‘सिद्धघृत म्हणजे प्राचीन लायपोसोम’ अशी विधाने व्याख्यानांतून ऐकू येतात. घृत हे मुख्यत्वे ट्रायग्लिसराइड असून ते पाण्यात आपणहून दुहेरी थराची पुटिका रचत नाही. त्याचे कार्य पचन, पित्त व स्नेहविद्राव्य अंशांचे वहन या मार्गाने समजून घेता येते. शास्त्राचा गौरव राखण्यासाठी उसन्या शब्दाची गरज नाही, आणि चुकीची उपमा दिल्यास टीकाकारांच्या हाती आयते कोलीत मिळते.

व्यवहारात काय पाहावे?

‘लायपोसोमल’ उत्पादन दुकानात ठेवण्यापूर्वी अथवा रुग्णास सुचवण्यापूर्वी कंपनीच्या प्रतिनिधीस पुढील प्रश्न अवश्य विचारावेत :

१. पुटिकांचा आकार मोजला आहे काय, आणि किती नॅनोमीटर आला?
२. एकूण द्रव्यापैकी किती टक्के प्रत्यक्ष पुटिकेत बांधले गेले आहे?
३. मुदत संपेपर्यंत व आपल्याकडील उन्हाळ्याच्या तापमानात पुटिका टिकतात काय?
४. साध्या प्रकाराशी तुलना करून माणसांच्या रक्तातील प्रमाण मोजले आहे काय?
५. परवाना आयुर्वेदीय औषधाचा आहे की अन्नपूरकाचा?

ज्यास या प्रश्नांची लेखी उत्तरे देता येतील, त्याचे उत्पादन विचारात घेण्यास हरकत नाही. उत्तरे मिळत नसतील तर अधिक किंमत मोजून रुग्णाच्या पदरात केवळ एक शब्द पडतो. आपल्यावर विश्वास टाकून आलेल्या रुग्णास तो विकण्याचे आपण टाळावे, इतकेच वैद्यबंधू-भगिनींस व औषधविक्रेत्यांस नम्र निवेदन.