शेवटचे पाच मिलिग्रॅम

आमवाताचे किंवा ल्युपसचे बरेच पेशंट स्टेरॉइड बंद करतात ते बरं वाटू लागलं म्हणून. सूज उतरलेली असते, सकाळी मूठ वळते, कापूस वेचणीचे दिवस तोंडावर असतात. झरी-जामणी किंवा उमरखेडहून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. मग गोळ्या संपतात आणि पुन्हा आणल्या जात नाहीत. धोका नेमका इथे सुरू होतो.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क ग्रंथी असतात. त्या रोज जेवढं कॉर्टिसॉल हे संप्रेरक बनवतात, ते साधारण ४ ते ६ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या तोडीचं. रक्तदाब, साखर आणि आजारपणाला तोंड देण्याची ताकद त्यावरच टिकून असते. आजार भडकला की डॉक्टर ४० ते ६० मिलिग्रॅम देतात, म्हणजे गरजेच्या जवळपास दहापट. रक्तात एवढा साठा दिसल्यावर मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी अधिवृक्काला हुकूम देणं थांबवते. तीन-चार आठवड्यांहून जास्त असं चाललं, तर ग्रंथी आकसू लागते. महिनोन्महिने दावणीला बांधलेला बैल एकदम वखराला जुंपावा, तशी गोळी अचानक थांबल्यावर तिची गत होते.

हे वैद्यकाला किंमत मोजून कळलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या चमूने २१ सप्टेंबर १९४८ रोजी आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं. काही दिवसांतच जखडलेली रुग्ण चालू लागली. १९५० मध्ये हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. पण १९५२ मध्ये एक दुःखद नोंद प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेआधी कॉर्टिसोन थांबवलेला एक रुग्ण शॉकमध्ये गेला आणि दगावला. त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकलेल्या निघाल्या.

म्हणून डोस पायरीपायरीने उतरवतात. वरच्या पायऱ्या लवकर उतरता येतात: दर एक-दोन आठवड्यांनी ५ ते १० मिलिग्रॅम. वीसच्या खाली अडीच-अडीच, आणि शेवटी अनेकदा महिन्याला जेमतेम एक मिलिग्रॅम. पाचच्या खाली बाहेरून मिळणारं औषध शरीराच्या गरजेपेक्षा कमी पडतं; उरलेलं ग्रंथीने स्वतः बनवायचं असतं. हा ढोबळ नमुना आहे. प्रत्यक्ष वेग आजार पाहून डॉक्टरच ठरवतात. मेथोट्रेक्सेट किंवा अ‍ॅझाथायोप्रिनसारखी औषधं आजाराचा ताबा घ्यायला काही आठवडे ते महिने लावतात, म्हणून ती आधीच सुरू केलेली असतात.

उतरताना अंग दुखलं तर दोन शक्यता असतात. सांधे सुजले आणि रक्तात दाह दाखवणारं सीआरपी वाढलं, तर आजार डोकं वर काढतोय. गळून गेल्यासारखं वाटणं, मळमळ, वजन घटणं, उठताना चक्कर ही लक्षणं कमी पडलेल्या कॉर्टिसॉलची असू शकतात. डोस पाचच्या आसपास आल्यावर, आदल्या दिवशीच्या गोळीनंतर पुढची गोळी न घेता सकाळी आठ-नऊला रक्त तपासतात. कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी सावरली; पाचच्या खाली असेल तर अजून थांबायचं.

आपल्याकडे यात दोन अडचणी भर घालतात. मे महिन्यात उलटी आणि चक्कर म्हटलं की ‘ऊन लागलं’, फवारणीच्या हंगामात म्हटलं की विषबाधा, असाच पहिला अंदाज निघतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, त्यानंतर तर साहजिकच. दुसरी अडचण सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांची. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि खाणाऱ्याला ते ठाऊकही नसतं.

ताप आला तर गोळी बंद करायची नाही. डॉक्टर बहुधा डोस तात्पुरता दुप्पट करतात. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागतं, आणि त्यासाठी लगेच दवाखाना गाठावा लागतो. तिथे पोहोचताच पहिलं वाक्य हवं: ‘हा पेशंट स्टेरॉइडवर आहे’ किंवा ‘अलीकडेच बंद केलंय’. गोळ्यांचं पाकीट, आणि पुडी खात असाल तर तीही, सोबत न्यावी.