भुशावर चढणारा रंग

लाकडाच्या भुशात पाण्यात विरघळलेला रंग धरून ठेवण्याची ताकद असते. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये आणि शहराभोवतीच्या वखारींत हा भुसा रोज पडतो. तो बॉयलरचे जळण होतो, उदबत्तीच्या कामाला येतो किंवा दाबून त्याचा ‘पांढरा कोळसा’ केला जातो. रंगाच्या सांडपाण्याचा खरा प्रश्न मात्र इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी अशा कापडाच्या गावांचा आहे. इचलकरंजीजवळून वाहणारी पंचगंगा पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वरच्या गावात नदीत जे सोडले जाते, ते खालच्या गावांच्या वाट्याला येते. म्हणूनच स्वस्तात रंग काढणाऱ्या कोणत्याही उपायाची नीट पारख व्हायला हवी.

विरघळलेला रंग गाळणीत अडकत नाही. लिटरभर पाण्यात तो काही मिलिग्रॅम असला तरी डोळ्यांना दिसतो, आणि प्रमाण वाढले की पाण्यात शिरणारा उजेड अडवून शेवाळ व पाणवनस्पतींची वाढ रोखतो. धुण्याने आणि उन्हाने उडू नये म्हणूनच हे रंग बनवलेले असतात. त्यामुळे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या नेहमीच्या टाक्यांतले जिवाणूही त्यांचे सहजासहजी विघटन करू शकत नाहीत.

लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचे बनलेले असते. या घटकांवर हायड्रॉक्सिल, कार्बॉक्सिल आणि फिनॉलिक गट असतात. पाण्यात यांतले काही गट हायड्रोजनचा आयन सोडतात आणि भुशाच्या पृष्ठभागावर ऋण भार येतो. मिथिलीन ब्लू किंवा मॅलाकाइट ग्रीनसारख्या रंगांच्या कणांवर धन भार असतो, म्हणून ते या पृष्ठभागाला चिकटतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. भुसा जितका बारीक तितका रंग लवकर चिकटतो. पण फार बारीक भुसा नळकांड्यात भरला तर पाणीच पुढे सरकत नाही.

बेलफास्टच्या संशोधकांनी लाकडावर रंग धरण्याचे प्रयोग 1976 मध्ये प्रसिद्ध केले होते. भारतात हिसारच्या गुरू जंभेश्वर विद्यापीठातले 2003 चे काम लक्षात घेण्यासारखे आहे. तिथे शिसवीच्या जातीतल्या शिसमचा भुसा मॅलाकाइट ग्रीनसाठी वापरला गेला. कोरडा भुसा तसाच पाण्यात टाकला तर लाकडातला तपकिरी रंग सुटतो आणि साफ करायचे पाणी उलट गढूळ होते. म्हणून एका नमुन्यावर फॉर्माल्डिहाइडची आणि दुसऱ्यावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली. आम्लाने भाजून निघालेल्या भुशाने अधिक रंग ओढला. बाजारातला सक्रिय कोळसा मात्र दोघांनाही भारी ठरला.

अशा प्रयोगांचे आकडे वाचून रंगकामाच्या कारखान्याचा प्रश्न सुटला असे मानणे ही मोठी चूक होईल. सुती कापडाला प्रामुख्याने रिॲक्टिव्ह रंग लावतात. ते 1956 मध्ये बाजारात आले आणि धाग्याशी रासायनिक बंध जोडतात म्हणून पक्के बसतात. पण त्यांतला काही भाग पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो. हा वाया जाणारा भाग दहा टक्क्यांपासून कधी निम्म्यापर्यंतही जातो आणि धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. या रंगांवर ऋण भार असतो, म्हणजे साधा भुसा त्यांना दूर ढकलतो. पाणी बरेच आम्लधर्मी केले तर भुशाचा ऋण भार कमी होऊन ते चिकटू लागतात. पण रिॲक्टिव्ह रंगकामाचे पाणी सोड्यामुळे अल्कधर्मी असते. आधी आम्ल ओतायचे आणि सोडण्यापूर्वी पुन्हा ते उदासीन करायचे, या खटाटोपात स्वस्ताई संपते. भुशावर धन भाराचे गट रासायनिक रीतीने बसवता येतात किंवा त्याचा सक्रिय कोळसा करता येतो. तेव्हा तो फुकटचा भुसा राहत नाही.

प्रमाणाचाही हिशेब करायला हवा. एका कारखान्यातून रोज एक लाख लिटर पाणी निघते आणि लिटरमागे 100 मिलिग्रॅम रंग असतो, असे धरू. म्हणजे रोज 10 किलो रंग झाला. एक ग्रॅम भुसा 20 मिलिग्रॅम रंग धरत असेल तर रोज 500 किलो भुसा लागेल, आणि भिजल्यावर त्याचे वजन कितीतरी वाढेल. त्यामुळे भुसा शेवटच्या टप्प्यावर, उरलेला फिका रंग काढण्यासाठी किंवा छोट्या रंगशाळेसाठी जास्त योग्य.

रंग धरलेल्या भुशाचे काय करायचे, हा सगळ्यात अवघड भाग आहे आणि बहुतेक शोधनिबंध तिथेच हात आखडता घेतात. तो उघड्यावर टाकला तर पावसात रंग पुन्हा सुटू शकतो. जाळला तर काही रंगांमधले तांबे आणि क्रोमियम राखेत उरतात.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने या कोड्याला जिवाणू आणि बुरशीच्या बाजूने हात घातला. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या 2011 मधल्या कामात कापडाचे रंग आधी शेतातल्या टाकाऊ मालावर चढवले गेले. मग त्या ओलसर मालावरच एक स्यूडोमोनस जिवाणू आणि ॲस्परजिलस ऑक्रेशियस ही बुरशी वाढवून रंगांचे विघटन केले गेले. ही बुरशी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहातली आहे. लाकडाच्या भुशासाठी हीच पद्धत वापरायची तर लिग्निन फोडणाऱ्या बुरशी अधिक उपयोगी पडतील, कारण त्यांची विकरे लाकूड आणि रंग दोन्हींवर काम करतात.